खोटे मी, खरे त्यानं

"आ कर. अजून मोठा. लाजतेस काय, दातच तर बघायचेत," बाबा म्हणाले आणि गार, गुलाबी लगदा भरलेला पत्र्याचा नाल त्यांनी माझ्या तोंडात दाबून बसवला. "आता नाकानं श्वास घे आणि दोन मिनिटं वाद घालू नकोस. जमेल?"

दारात उभी असलेली बिट्टी खिदळली. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तोंड भरलेलं असताना दुसरं करणार तरी काय!

बाबा म्हणजे माझे सासरे. कवळ्या करायचे. घराच्या मागच्या बाजूला त्यांची कामाची खोली होती. तिला अर्धं दार होतं, त्यावर कोपर टेकून कुणीही आत बघत गप्पा मारू शकायचं. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे. त्या मापांत प्लास्टर ओतून बाबा जबडे काढायचे, जबड्यावर मेण चढवायचे आणि मेणात एकेक दात रोवायचे. शेवटी वरचा जबडा खालच्यावर ठेवून कानाशी न्यायचे आणि हलकेच मिटायचे. टक् असा एकच आवाज आला, की "चावा बसला" म्हणायचे. दोन आवाज आले तर पुन्हा कानस हातात.

माझं माप घ्यायचं कारण म्हणजे मी झोपेत दात खाते. नवऱ्याला सुरुवातीला वाटलं, घरात उंदीर झालेत. बाबांनी ते जेवतानाच ओळखलं होतं. "तुझ्या सुळ्यांची टोकं झिजलीत पोरी. एवढं काय चावत असतेस?" काय सांगणार? बिट्टीचा ताप, शाळेच्या गाडीचं न लागणारं दार, जिन्याचा सैल कठडा, तिच्या डब्यातलं तसंच परत आलेलं जेवण. बिट्टी झाल्यापासून सहा वर्षं मी हेच चावत होते. बाबा म्हणाले, "टोपण करून देतो दातांना. चावायचं तेवढं चाव."

नाल काढून त्यांनी माप उजेडाकडे धरलं. बिट्टी अर्ध्या दारावर लोंबकळत म्हणाली, "आजोबा, आईचे दात कुणी केले?"

हा त्यांचा ठरलेला खेळ होता. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर व्हायचा.

"खोटे मी, खरे त्यानं," बाबा म्हणाले आणि मापाचं टोक वर, छताकडे केलं.

एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण त्याच आठवड्यात बिट्टी शाळेतून रडत आली होती. बाईंनी वर्गात विचारलं होतं, माणूस कसा झाला? बिट्टीनं ठासून सांगितलं, "आधी मेणात केला, मग पक्का केला." सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मुलं तिला मेणबत्ती म्हणत होती. डबा खायला तिच्याशेजारी कुणी बसत नव्हतं.

मी जीवशास्त्र घेऊन पदवी काढलेली बाई. माझ्या मुलीला मेणबत्ती म्हणतात! मी बाबांना ते सांगितलंही. त्यांना वाईट वाटलं. पण ते म्हणाले, "मेणाचं मी गमतीनं सांगितलं होतं. करणारा आहे, हे मात्र गमतीनं नाही सांगितलं."

आणि तशात वाचनालयाचा कार्यक्रम आला. आमच्या रस्त्याच्या टोकाला वाचनालय होतं. तिथले ग्रंथपाल म्हणजे उत्साही गृहस्थ. पुस्तकं कमी आणि कार्यक्रम जास्त. त्यांनी फळ्यावर खडूनं लिहिलं: 'माणूस: घडला की घडवला?' खाली तारीख, रविवार, दुपारी चार. 'घडला'च्या बाजूनं बोलायला त्यांना मी मिळाले. कॉलेजात मी वादविवादाची फिरती ढाल दोनदा आणली होती आणि हे बाबांनीच गावभर सांगितलं होतं. 'घडवला'च्या बाजूनं कुणी मिळेना. शेवटी तुटलेली कवळी सांधायला ते आमच्याकडे आले आणि त्यांनी बाबांनाच गळ घातली.

"सून विरुद्ध सासरे! खुर्च्या कमी पडतील हो," ते म्हणाले. कवळी काढलेली असल्यानं ते 'खुलच्या' असं ऐकू आलं.

"माझ्या सुनेसमोर मी कुठं टिकणार?" बाबा म्हणाले, पण त्यांचा चेहरा खुलला होता. "एका 'व'साठी एवढं भांडायचं? घडला, घडवला. बरं, भांडू."

मग आठवडाभर दुपारी, बिट्टी शाळेतून यायच्या आधी, आम्ही त्या खोलीत तयारी केली. दोघांनी मिळून. आता सांगताना हसू येतं, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाबांचं अक्षर वाईट होतं, म्हणून ते सांगायचे आणि मी त्यांचे मुद्दे माझ्या अक्षरात उतरवून घ्यायचे.

"लिही. एक कवळी नीट बसवायला मला चार खेपा लागतात. ह्या हातांना चाळीस वर्षांची सवय आहे, तरी. मग अख्खं माणूस आपोआप कसं बसेल?"

"आपोआप नाही बाबा," मी लिहिता लिहिता म्हणायचे. "कानसलं जातं. जे बसत नाही ते टिकत नाही, जे बसतं ते उरतं. लाखो वर्षं हेच. तुम्ही करता तसंच आहे."

"असं होय?" ते कानस खाली ठेवून खरोखर विचार करायचे. "मग कानस कुणाच्या हातात?"

"कुणाच्याच नाही."

"इथं माझं डोकं थांबतं बघ." थोड्या वेळानं म्हणायचे, "आणि ते माकडाचं?"

"माकडापासून नाही हो. माकडं आपली चुलत भावंडं. मूळ एक, फांद्या वेगळ्या."

"तुझी असतील. लग्न ठरवताना तुझ्या वडलांनी हे काही सांगितलं नव्हतं."

मी इतकी हसले की कागदावर रेघ ओढली गेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्या आठवड्यात मी त्यांच्याशी जेवढं बोलले, तेवढं आधीच्या आठ वर्षांत बोलले नव्हते.

गुरुवारी त्यांनी माझा प्लास्टरचा जबडा वाळवून हातात घेतला, खालच्या शेवटच्या दाढेमागं शिसपेन्सिलीनं बारीक फुली मारली, दुसऱ्या बाजूलाही मारली.

"हे काय?"

बाबांनी अर्ध्या दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

"अक्कलदाढ. तुला जागाच नाही तिला. दोन्हीकडं."

"म्हणजे मला अक्कल नाही?"

"ठेवायला जागा नाही, एवढंच म्हणालो." ते हसले आणि मग गंभीर झाले. उठून त्यांनी फळीवरचे चार-पाच जुने जबडे काढून माझ्यासमोर मांडले. प्रत्येकाच्या तळाशी तारीख होती, आणि मागं, दाढ जिथं यायला हवी तिथं, फुली. काही फुल्या इतक्या जुन्या, की प्लास्टरसारख्याच पिवळ्या पडलेल्या. "जिथं जागा नाही तिथं मारतो. उमेदवारी करत होतो तेव्हापासून. माझ्या हातांनी बत्तीस दात करायचे तर मी जबडा बत्तिसांचा करीन. त्यानं दात बत्तीस केले आणि जबडा अठ्ठावीसचा. का? त्याची चूक असं म्हणवत नाही. पण कळतही नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे कुणाला सांगितलं नाही मी. तुझ्या सासूबाईंनाही नव्हतं सांगितलं."

मला ह्याचं उत्तर माहीत होतं. अन्न मऊ झालं, पिढ्यान्‌पिढ्या जबडा आखूड होत गेला, दात मात्र तेवढेच राहिले. पण त्या वेळी मी ते बोलले नाही. त्यांनी काहीतरी दिल्यावर आपणही काहीतरी द्यावं असं वाटलं. म्हणून मी म्हणाले, "बाबा, मीही एक सांगते. बिट्टी झाली आणि नर्सनं तिला माझ्या हातात दिलं ना, तेव्हा तिची नखं बघितली मी. एवढी एवढी. आणि क्षणभर मला वाटलं, हे कुणीतरी बसून केलंय. सगळं शिकलेलं कुठं गेलं कुणास ठाऊक. हेही कुणाला सांगितलेलं नाही."

बाबांनी मान हलवली. जिंकल्यासारखी नाही. काम पसंत पडल्यावर हलवायचे तशी.

रविवारी खुर्च्या खरंच कमी पडल्या. लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले. नवरा बिट्टीला घेऊन पहिल्या रांगेत. तिच्या मागंच तिच्या वर्गातल्या दोन मुली त्यांच्या आयांबरोबर आलेल्या. मला दिसलं ते तेवढंच. त्यातली एक दुसरीच्या कानात काहीतरी बोलली आणि बिट्टीची मान खाली गेली.

कॉलेजात आमची तयारी करून घेणाऱ्या सरांचा एकच नियम होता: समोरच्याचं म्हणणं आधी इतकं चांगलं मांडा, की त्यानं मान डोलावली पाहिजे. मग खोडा. मी तो नियम तंतोतंत पाळला. कवळीच्या चार खेपा मांडल्या, हातांची चाळीस वर्षं मांडली. बाबांनी स्वतः कधी मांडलं नसतं इतकं सुरेख मांडलं. पलीकडच्या खुर्चीत बसलेले बाबा मान डोलावत होते. कौतुकानं. शेजारी बसलेल्या ग्रंथपालांना त्यांनी कोपरानं ढोसलंसुद्धा.

मग मी खोडायला सुरुवात केली. कानस, फांद्या, चुलत भावंडं. ठीक चाललं होतं. तिथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण मागच्या रांगेत ती मुलगी पुन्हा कुजबुजली, आणि मला वाटलं, आज हे मुळापासून उपटून टाकायचं. पुन्हा कुणी माझ्या मुलीला मेणबत्ती म्हणता कामा नये.

"आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणाले. "ज्यांनी चाळीस वर्षं जबडे हातात धरले, त्यांनाच विचारा. अक्कलदाढेला जागा का नाही? माझे सासरेच मला गुरुवारी म्हणाले, बत्तीस दातांना अठ्ठावीसचा जबडा का केला, ते त्यांना आजवर कळलेलं नाही. उमेदवारीपासून ते प्रत्येक जबड्यावर फुली मारत आलेत. घडवणाऱ्याच्या चुकांवर फुल्या! मग अजून कसला पुरावा हवा?"

सभागृह हसत सुटलं. कुणीतरी मागून ओरडलं, "कवळीवाले, सुनेनं दात घशात घातले की हो!" टाळ्या पडल्या. बिट्टीही टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, आजोबांसाठी आहेत.

चूक हा शब्द त्यांचा नव्हता. त्यांनी तर तो म्हणवत नाही असंच सांगितलं होतं. बोलून गेल्यावर माझ्या ते लक्षात आलं. पण टाळ्या चालू होत्या.

बाबा उत्तराला उठले. मी लिहून दिलेल्या कागदाची घडी त्यांनी खिशातून काढली, उलगडली, पाहिली आणि पुन्हा खिशात ठेवली.

मला त्यांचं पुढचं वाक्य ठाऊक होतं. मी असते तर तेच बोलले असते: सूनबाईंना विचारा, मुलगी हातात आली तेव्हा त्यांना स्वतःला काय वाटलं होतं? एवढ्यानं सगळं सभागृह उलटलं असतं. मी उत्तर जुळवायला लागले. मनाची अवस्था, दमणूक, भावना म्हणजे पुरावा नव्हे.

"सूनबाईंनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं," बाबा म्हणाले. "फुल्यांचंही खरं आहे. मीच बोललो होतो." "माझं एवढंच." आणि बसले.

मला बक्षीस म्हणून एक पेन मिळालं. ते नाचवत बिट्टी नवऱ्याबरोबर पुढं चालत होती. आम्ही दोघं मागं होतो. बाबांची चाल नेहमीसारखीच होती, हात पाठीमागं बांधलेले.

मला राहवलं नाही. "बाबा, बिट्टीच्या जन्माचं का नाही बोललात? सगळे तुमच्या बाजूला झाले असते."

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"ते तू मला घरात सांगितलं होतंस ना," ते म्हणाले.

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दाराशी गेले. "बाबा, माझं चुकलं काल."

"चुकलं कुठं? बरोबर होतं तुझं. अन्न मऊ झालं, जबडा आखूड झाला. काल नंतर तूच सांगितलंस की सगळ्यांना. चाळीस वर्षांत मला नसतं सुचलं." ते मेण तापवत होते. "आता कळलं. बरं झालं."

आठवडाभरात माझ्या दातांचं टोपण एका डबीतून जेवणाच्या टेबलावर आलं. मी ते लावून पाहिलं. कुठं टोचलं नाही, कुठं हललं नाही. एका खेपेत बसलं. मी सांगायला गेले तर ते म्हणाले, "असू दे, असू दे."

शाळेत मेणबत्ती म्हणणं बंद झालं. ते मात्र झालं. त्यापुरती मी जिंकले.

बाबा रुसले वगैरे नाहीत. माझ्याशी बोलायचे, चहा मागायचे, बिट्टीला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायचे. फक्त एक झालं. त्या आठवड्यात बिट्टीनं अर्ध्या दारावर लोंबकळत विचारलं, "आजोबा, हे दात कुणी केले?" ती 'खोटे मी'ची वाट बघत राहिली.

"आईला विचार," बाबा म्हणाले.

तिला वाटलं, नवा खेळ आहे. धावत माझ्याकडे आली. मी काहीतरी सांगितलं. पुन्हा गेली. मांजराला मिशा कशाला? आईला विचार. आपण बोलतो आणि कुत्रं का नाही बोलत? आईला विचार. तारे कुठून आले? आई शिकलेली आहे, तिला विचार. आवाज प्रेमळ, हात डोक्यावर. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि दर वेळी वाटायचं, आता काहीतरी सांगतील, चुकीचं का होईना. मुलं फार दिवस वाट बघत नाहीत. वर्ष व्हायच्या आत बिट्टी त्या दाराशी जायचीच थांबली. प्रश्न सरळ माझ्याकडे यायला लागले. सगळ्यांची बरोबर उत्तरं तिला मिळत होती.

दोन वर्षांनी बाबांचे हात कापायला लागले. एकदा दात वाकडा रोवला गेला, डॉक्टरांकडून कवळी परत आली, आणि त्यांनी स्वतःहून काम थांबवलं. खोली रिकामी करायची ठरली. बाबा पुढच्या ओसरीत खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "माझ्यानं नाही होणार. तुम्ही काढा. जबडे टाकून द्या, त्यांचं आता काय?"

मी आणि बिट्टी फळीवरचे जबडे पोत्यात भरत होतो. आठ वर्षांची झाली होती ती. तारीख वाचायची आणि मला द्यायची.

"आई, ह्यांच्यावर फुल्या का आहेत?"

"कुठं?"

"सगळ्यांवर नाहीत. ह्या फळीवर आहेत, त्या फळीवर नाहीत."

मी हात पुसून बघायला लागले. एकेक जबडा उलटून तारीख पाहिली. जुन्यांवर होत्या. चाळीस वर्षांच्या होत्या, कुठं एक, कुठं दोन. मग तो रविवार. त्यानंतरच्या जबड्यांमध्येही दाढेला जागा नव्हती, कितीतरी होते तसे. फुली एकावरही नव्हती. मी शेवटपर्यंत, खालच्या फळीच्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

फुली असलेला शेवटचा जबडा, वरचा-खालचा मिळून, मेणकापडात वेगळा गुंडाळून ठेवला होता. तळाशी गुरुवारची तारीख आणि त्यांच्या वाईट अक्षरात 'सूनबाई'.

"सांग ना, कसल्या फुल्या?" बिट्टी म्हणाली.

मला मुद्देसूद सांगता आलं असतं. "आजोबांना विचार," मी म्हणाले.

ती गेली. ओसरीतून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ. "आईला विचार बाळा."

मी तो जबडा घेऊन बाहेर आले आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ओळखला. कापरा अंगठा दातांच्या रांगेवरून एकदा फिरवला. अंगठा फुलीपाशी आला आणि तसाच पुढं गेला. मग सवयीनं त्यांनी वरचा जबडा खालच्यावर ठेवला, कानाशी नेला, आणि हात स्थिर व्हायची वाट बघत राहिले. पुष्कळ वेळानं मिटला.

टक्. एकच आवाज आला.

"चावा बरोबर बसलाय," बाबा म्हणाले आणि जबडा माझ्या हातात परत दिला.